गिरण्या होत्या त्या रस्त्यावर



गेल्या हिवाळ्यात आम्ही पाचजणी बचत गटाचा माल घेऊन मुंबईला महालक्ष्मी सरसला गेलो होतो. नाचणीचे पापड, घाटी मसाला आणि कुळथाचं पीठ. शेवटच्या दिवशी दुपारीच माल संपला आणि परतीची गाडी होती रात्रीची. कुणी म्हणालं समुद्र बघू, कुणी म्हणालं सिद्धिविनायक करू. आमच्यातल्या थोरल्या काकू मात्र हटून बसल्या. म्हणाल्या, "मला मामंजींची गिरणी बघायचीय."

काकूंचे सासरे एल्फिन्स्टन रोड स्टेशनाजवळच्या एका गिरणीत तीस वर्षं कामाला होते. काकूंच्या लग्नाला पन्नास वर्षं होत आली, पण त्यांनी गिरणी कधी पाहिली नव्हती. घरात गिरणीची एकच खूण आहे, तिकीट नंबर कोरलेला पितळी बिल्ला. तो त्यांनी पदराच्या गाठीला बांधून आणला होता, हे आम्हाला वांद्र्याच्या तिकीट खिडकीपाशी कळलं. तिथं एल्फिन्स्टनचं तिकीट मागितलं, तर रांगेतला एक पोरगा म्हणाला, "आजी, आता प्रभादेवी म्हणायचं." २०१८ साली स्टेशनाचं नाव बदललंय. एल्फिन्स्टन हा राणीच्या राज्यातला मुंबईचा गव्हर्नर. त्याचं नाव गेलं याचं आम्हाला काही दुःख नाही. पण जुनं नाव धरून शोधायला निघालेल्या काकूंची वाट तिथूनच अवघड होत गेली.

प्रभादेवीला उतरलो आणि सेनापती बापट मार्गाला लागलो. हा रस्ता रेल्वेच्या रुळांना धरून जातो. आज आपण याच रस्त्याबद्दल बोलणार आहोत. तिथं आधी काय उभं होतं, आता काय उभं आहे, आणि त्यात आपल्या गावांचा काय संबंध, हे सगळं आम्ही परत आल्यावर गावातल्या जुन्या गिरणी कामगारांना विचारत, पुस्तकं चाळत गोळा केलंय.

जुनी माणसं या रस्त्याला अजून तुळशी पाइप रोड म्हणतात. तुळशी तलाव १८७९ साली बांधून झाला आणि त्याचं पाणी शहरात आणणारी मोठी नळवाहिनी इथून गेली, म्हणून ते नाव. पुढं रस्त्याला सेनापती बापटांचं नाव दिलं. हे नाव देणाऱ्यांना त्यातली गंमत कळली होती की नाही, कोण जाणे. मुळशीच्या खोऱ्यात टाटांचं धरण होऊ घातलं, तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी वाचवायला १९२१ साली जो सत्याग्रह झाला, त्याचे पुढारी हेच बापट. त्या धरणाच्या पाण्यावर वीज करायची होती, आणि ती वीज हवी होती मुंबईला, तिथल्या गिरण्यांना. मावळातल्या बायाही त्या लढ्यात उतरल्या होत्या. गिरण्यांसाठी गावं पाण्याखाली जाऊ नयेत म्हणून जो माणूस लढला, त्याचं नाव गिरण्यांच्या रस्त्याला मिळालं. आता तर गिरण्याही गेल्या.

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी काढली. १८५४ साली कंपनी झाली आणि १८५६ साली ताडदेवला सूत निघायला लागलं. तेव्हा राज्य राणी व्हिक्टोरियाचं होतं. ती १९०१ साली वारली, तोवर मुंबईत सत्तर-ऐंशी गिरण्या उभ्या राहिल्या होत्या. या रस्त्यावरच्या सगळ्याच काही राणीच्या हयातीतल्या नव्हेत, फिनिक्स गिरणी १९०५ ची. पण बांधणी त्याच घडणीची, विलायतेतल्या लँकेशायरच्या गिरण्यांवरून घेतलेली. यंत्रंसुद्धा तिकडचीच, बोटीनं यायची.

ती बांधणी कशी होती ते नीट सांगतो, कारण आता दाखवायला फारसं काही उरलेलं नाही. सूत कातायच्या इमारती तीन-चार मजली, जाड दगडी भिंतींच्या, आत ओतीव लोखंडाचे खांब. कापड विणायचे साचे मात्र जमिनीवरच. शेकडो साचे एकदम चालले की इतका हादरा बसायचा, की ते वरच्या मजल्यावर ठेवायची सोय नव्हती. त्यासाठी बैठं, लांबच लांब शेड असायचं, आणि त्याचं छप्पर बघायला करवतीच्या दातांसारखं. एक बाजू उतरती, एक उभी, पुन्हा उतरती, पुन्हा उभी. उभ्या बाजूला काचा, आणि त्या काचांचं तोंड उत्तरेला. उत्तरेचा उजेड सौम्य असतो, दिवसभर सारखा असतो, त्यात ऊन थेट आत येत नाही. तुटलेला धागा दिसायला उजेड हवा, पण ऊन नको. आपण गोधडी शिवताना उन्हातून उठून ओसरीवर सावलीला बसतो की नाही, तेच गणित.

आवारात एक तळं असायचं, वाफेच्या इंजिनाला पाणी लागायचं म्हणून. आणि चिमणी. जुने कामगार सांगतात की दादरच्या पुलावरून बघितलं तर चिमण्याच चिमण्या दिसायच्या. पाळीच्या वेळेला भोंगा व्हायचा आणि सगळ्या वस्तीचं घड्याळ त्यावर चालायचं.

आतलं काम काही गोड नव्हतं, हेही सांगायला हवं. हवा कोरडी झाली की धागा तुटतो, म्हणून खात्यात मुद्दाम दमट ठेवायचे. त्यात उकाडा आणि सगळीकडं उडणारा कापूस. तो छातीत बसायचा. गावाकडं खोकत परत आलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिलीत. इमारत देखणी होती म्हणून तिची आरती ओवाळावी असं आम्हाला मुळीच वाटत नाही. सुरुवातीला तर आठवड्याची सुट्टीसुद्धा नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून कामगारांच्या सभा घेतल्या, अर्ज केले, तेव्हा कुठं १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. त्या साली झालेल्या मोठ्या सभेत दहा हजार कामगार जमले होते आणि दोन बायकांनी उभं राहून भाषणं केली, अशी नोंद आहे. त्यांची नावं काही आमच्या हाती लागली नाहीत. आज रविवारी शाळा-कचेऱ्या बंद असतात, त्या सुट्टीमागं त्या दोघीही आहेत.

होय, गिरणीत बायाही होत्या. गिरणी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं डबा घेतलेला पुरुष येतो. पण शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत शंभर कामगारांत वीसच्या आसपास बाया होत्या. सूत गुंडाळायच्या, रिळं भरायच्या खात्यात त्याच जास्त. जेवढं काम तेवढा पैसा, असा हिशेब. त्यांच्यावर एक नायकीण असायची. कामावर घ्यायचं की नाही ते तिच्या हातात. लहान मूल असलेली बाई काय करायची? मूल झोपून राहावं म्हणून अफूची बारीक गोळी द्यायची आणि कामाला जायची. हे ऐकून आमच्यातल्या दोघी गप्प झाल्या, कारण ऊसतोडीच्या फडात उसाच्या सावलीला झोळी बांधून ठेवलेली पोरं त्यांनी पाहिलेली आहेत.

मग १९२९ साली बाळंतपणाच्या पगारी रजेचा कायदा मुंबई प्रांतात झाला, देशात पहिल्यांदा. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदेमंडळात त्याची बाजू मांडली होती. कायदा चांगलाच होता. पण मालकांनी काय केलं, तर लग्न झालेल्या बायांना घ्यायचंच कमी केलं. रजेचा पैसा द्यायला नको! त्यातच रात्रपाळीला बायांना मनाई होती आणि गिरण्या तीन पाळ्यांत चालायला लागल्या. नवी यंत्रं आली ती बायांच्याच खात्यांत आधी आली. उषाताई डांगे, पार्वतीबाई भोर यांच्यासारख्या बायांनी संपांमध्ये पुढं राहून झगडा दिला, तरी संख्या घटतच गेली. ऐंशी साल उजाडेपर्यंत शंभरात चार-पाच बाया उरल्या.

बाया गिरणीतून बाहेर पडल्या म्हणजे काम सुटलं असं मात्र नाही. गावाकडून आलेले पुरुष एकेका खोलीत दहा-वीसजण राहायचे, पाळीपाळीनं झोपायचे. त्यांना जेवायला कोण घालणार? चाळीतल्या बाया. त्यांच्या खानावळी. पहाटे चारला स्टो पेटवायचा आणि वीस-वीस माणसांचा डबा करायचा. पैसे महिन्यानं मिळणार, वाणी मात्र रोज उधारीवर व्याज लावणार. या खानावळवाल्या बायांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली एकत्र केलं आणि अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. बँकेचं कर्ज मिळालेल्या पहिल्या तुकडीत १४ जणी होत्या. एकमेकींची हमी, हेच तारण. आज आपण गटाच्या बैठकीत जे करतो, ते त्या आपल्या बऱ्याच आधी करत होत्या.

आणि तिसऱ्या बाया म्हणजे आपल्याच घरातल्या. गिरणीच्या पगारात मुंबईत बिऱ्हाड करणं फार थोड्यांना परवडायचं. म्हणून नवरा मुंबईत आणि बायको गावी. मनीऑर्डर यायची खरी, पण ती सणाला, बियाण्याला, आजारपणाला. पोरांच्या तोंडात रोजचा घास जायचा तो सासू-सुनेनं पिकवलेल्या नाचणी-वरीचा. मालकानं कामगाराला पोटापुरता पगार दिला आणि त्याचं उरलेलं कुटुंब डोंगरातल्या बाईनं फुकटात पोसलं. गिरणीच्या कुठल्याही हिशेबवहीत ती बाई नाही. काकूंच्या सासूबाई त्यातल्याच एक होत्या. त्यांनीही गिरणी कधी पाहिली नव्हती.

१८ जानेवारी १९८२ ला संप झाला. डॉक्टर दत्ता सामंत पुढारी, अडीच लाखांच्या आसपास कामगार. तो संप मागं घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही, तो विरत गेला. त्या वर्षी आपल्या भागात काय झालं ते तुमच्या घरच्यांनाच विचारा. माणसं ट्रंका घेऊन परत आली. काही आठवड्यांसाठी म्हणून आली ती कायमची. काकू तेव्हा नव्या सूनबाई होत्या. सांगतात, मामंजी रोज संध्याकाळी एसटीच्या थांब्यावर जाऊन बसायचे, कुणी बातमी आणतंय का बघायला. पुढं काही गिरण्या सरकारनं ताब्यात घेतल्या, काही रडतखडत चालल्या, बहुतेक बंद पडल्या.

आता जमिनीचं प्रकरण. हे लक्ष देऊन ऐका, कारण सातबाऱ्याचा ज्यांना अनुभव आहे त्यांना ते लगेच कळेल.

मुंबईत गिरण्यांची मिळून सुमारे ६०० एकर जमीन होती, तीही शहराच्या ऐन मध्यावर. १९९१ साली सरकारनं नियम केला की बंद गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानानं तीन वाटे करायचे. एक वाटा मैदानं-बागांसाठी महापालिकेला, एक म्हाडाला घरांसाठी, आणि एक मालकाला. २००१ साली या नियमात बदल झाला. वाटे करायचे, पण फक्त मोकळ्या जमिनीचे. इमारतींखालची जमीन वाटणीत धरायची नाही.

समजा, दहा गुंठ्यांचं आवार आहे. सात गुंठ्यांवर घर, गोठा, पडवी आणि तीन गुंठे मोकळे. आधी दहाच्या दहा गुंठ्यांचे तीन वाटे व्हायचे होते. आता फक्त मोकळ्या तीन गुंठ्यांचे. आणि गिरण्या तर आवारभर पसरलेल्या! ते करवतीच्या दातांचं छप्पर, ती लांबच लांब शेडं, हीच सगळ्यात जास्त जागा व्यापून बसलेली. म्हणजे ज्या इमारती कामगारांच्या चार पिढ्यांच्या घामावर चालल्या, त्यांच्यामुळंच जमीन वाटणीतून सुटली. सुटल्यावर इमारती पाडल्या. प्रकरण कोर्टात गेलं. २००५ साली हायकोर्टानं नागरिकांच्या बाजूनं निकाल दिला, पण मार्च २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो फिरवला आणि बदललेला नियम कायम झाला.

२००५ सालीच सरकारी वस्त्रोद्योग महामंडळानं पाच गिरण्या लिलावात विकल्या. सगळ्यांचे मिळून दोन हजार कोटींच्या आसपास आले. त्यातली ज्युपिटर गिरणी २७६ कोटींना गेली आणि मुंबई टेक्स्टाइल गिरणी ७०२ कोटींना. ही दुसरी जमीन सात वर्षांनी पुन्हा विकली गेली, तेव्हा तिची किंमत २,७०० कोटींच्या घरात होती. कोटींचे आकडे आमच्याही डोक्यावरून जातात. एवढंच कळलं की सात वर्षांत त्या जमिनीवर कापडाचा एक वार न विणता तिची किंमत जवळजवळ चौपट झाली.

आम्ही त्या दिवशी चालत होतो ते याच जागांपुढून. एल्फिन्स्टन गिरणी आणि ज्युपिटर गिरणी होती तिथं काचेच्या उंच कचेऱ्या आहेत. पुढं टॉवर आहेत, मान मोडेपर्यंत वर बघितलं तरी टोक दिसत नाही. कमला मिलच्या आवारात कचेऱ्या आणि हॉटेलं. फिनिक्समध्ये मॉल, आणि मॉलच्या मधोमध गिरणीची जुनी चिमणी तेवढी राखून ठेवलेली. आमच्यातल्या धाकटीला मॉल आवडला, खोटं कशाला बोला. स्वच्छ होता, गार होता, बायकांना न घाबरता फिरता येत होतं. सरकते जिने चढताना आम्ही एकमेकींचे हात धरले आणि खूप हसलो. काकू चिमणीखाली उभ्या राहून वर बघत राहिल्या. म्हणाल्या, "धूर न्हाई तर हिला ठेवली कशाला?"

त्याआधी एका काचेच्या इमारतीच्या फाटकावर वेगळाच प्रकार झाला होता. काकूंनी विचारत विचारत ठरवलं होतं की मामंजींची गिरणी इथंच असणार. पहारेकऱ्यानं विचारलं, "किससे मिलना है?" काकू म्हणाल्या, "गिरणीला." त्याला कळेना. मग त्यांनी पदराची गाठ सोडून बिल्ला दाखवला. त्यानं तो उलटसुलट करून बघितला, परत दिला आणि आम्हाला बाजूला व्हायला सांगितलं, मागून गाडी येत होती. त्याचं काही चुकलं नाही. बिहारकडचा पोरगा, बारा तास उभा. तोही मनीऑर्डरवालाच, फक्त आता पैसे फोनवरून जातात.

या रस्त्यावर आजही लाखो माणसं कामाला येतात. म्हणजे काम गेलं आणि काहीच आलं नाही, असं म्हणता येणार नाही. पण कुणासाठी काय आलं, ते बघावं लागतं. संगणकावरची नोकरी शिकलेल्या पोरीला मिळते, आणि मिळावीच. आपल्याकडच्या न शिकलेल्या माणसाला तिथं झाडू, पहारा नाहीतर डबे पोचवणं. गिरणीत न शिकलेला माणूस कायम होऊ शकत होता. त्याला फंड होता, ईएसआयचा दवाखाना होता. झाडूवाल्या बाईला ठेकेदार आहे.

गर्दी वाढली, पण रस्ते आणि पूल गिरण्यांच्या काळातलेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी पाऊस आला, माणसं एल्फिन्स्टन-परळच्या अरुंद रेल्वे पुलावर थांबली आणि चेंगराचेंगरीत २३ जीव गेले. कुणाचा फुलांचा भारा पडला, 'फूल गिर गया' असा आवाज झाला आणि लोकांनी 'पूल गिर गया' ऐकलं, असं रेल्वेच्या चौकशीत पुढं आलं. त्याच वर्षी २९ डिसेंबरला मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या हॉटेलाला आग लागली. १४ जण गेले, त्यातल्या ११ बाया. तीन महिन्यांत, एकाच रस्त्याच्या आसपास.

सगळंच काचेचं झालं असं नाही. दादरला चैत्यभूमीजवळच्या इंदू मिलच्या जागेवर बाबासाहेबांचं स्मारक उभं राहतंय. आणि घरं? म्हाडाच्या वाट्याला जी जमीन आली तिच्यावर कामगारांसाठी घरं बांधली, २२५ चौरस फुटांची. पहिली सोडत २०१२ साली निघाली, ६,९२५ घरांची. अर्ज होते दीड लाखाच्या आसपास. नंतरही सोडती झाल्या, काहींना चाव्या मिळाल्या, पण बहुतेक अजून वाट बघतायत. वाट बघणारे म्हातारे एकेक करून जातायत आणि अर्जावर वारसांची नावं लागतायत. आपल्याकडं ते वारस म्हणजे बहुतेक विधवा.

त्यासाठीच एक सांगायचं राहिलंय. तुमच्या घरात ट्रंकेच्या तळाशी, माळ्यावर, देव्हाऱ्याच्या मागं गिरणीचा लाल पास, बिल्ला, पगाराची चिठ्ठी, ईएसआयचं किंवा फंडाचं कार्ड असं काही असेल, तर ते रद्दीत घालू नका. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर जो कामावर होता, त्याचा घरावर हक्क धरला जातो आणि तो सिद्ध करायला हेच कागद लागतात. आमच्याकडं घेऊन या. आम्ही फोटो काढून ठेवू आणि ज्या खात्यात तुमचं माणूस होतं त्याबद्दल तुमच्याकडून ऐकून घेऊ.

काकूंच्या घरचा अर्ज त्यांच्या दिरांच्या नावानं आहे. नंबर अजून लागलेला नाही. बिल्ला परत देव्हाऱ्यात गेलाय.